मार्का नसलेला वाघ

चंद्रपुरात कुठलंही यंत्र बिघडलं की पहिला आरोप उन्हावर होतो, दुसरा व्होल्टेजवर. गावाच्या उशाशी २९२० मेगावॅटचं वीज केंद्र असलं तरी व्होल्टेजला शिव्या घालायचा हक्क आम्ही सोडलेला नाही. तिसरा आरोप कोळशाच्या धुळीवर, आणि ती बिचारी खरोखरच सगळीकडे असते. आमच्या छोट्या फोटो-प्रिंटरने मामाजींचा वाघासोबतचा फोटो छापायला नकार दिला तेव्हा शेजारपाजारचे तज्ज्ञ याच क्रमाने बोलले. एकाने तर माहितीपुस्तिका उघडून पुरावाच दिला : यंत्र ५ ते ४० अंश तापमानात वापरावे. म्हणजे मे महिन्यात फोटो छापायचा तर चिखलदऱ्याला खोली घ्यावी लागणार.

पण यंत्र बाकी सगळं बिनतक्रार छापत होतं. ताडोब्याचं मोहर्ली गेट, जिप्सी, इरई धरणाचं पाणी, आमच्याकडे पाठ करून उभा राहिलेला गवा, सगळं. अडला होता तो एकच फोटो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. बल्लारशाच्या लाकूड डेपोत त्यांची उभी नोकरी गेली. जंगलखात्यात राहूनही त्यांनी वाघ पाहिला नव्हता, कारण डेपोत वाघ येत नाही. शेवटी आम्ही त्यांना ताडोब्याला नेलं. सफारीला मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून कपाटातला जुना कॅमेरा काढला. वाघ आला. जिप्सीतले सगळे श्वास रोखून बसले, आणि मामाजी नेमके त्याच वेळी वाकून पायातली निसटलेली चप्पल शोधत होते. परिणामी एका फोटोत वाघ आहे पण मामाजी नाहीत आणि दुसऱ्यात मामाजी आहेत, चप्पलही आहे, वाघ नाही.

मुलीने लॅपटॉपवर दोघांना एकत्र आणलं. वाघाचं तोंड दुसरीकडे होतं, आजोबांकडे बघताना दिसावा म्हणून तिने त्याला आडवा उलटवला. मग आजोबांचे केस जरा काळे केले, चप्पल पुसली आणि फाईलला नाव दिलं : ‘आजोबा वाघ फायनल खरंच फायनल’. फाईल कॅमेऱ्याच्या कार्डावर टाकून कार्ड प्रिंटरमध्ये घातलं, तर पडद्यावर मजकूर आला की हे चित्र वाचता येत नाही.

हा प्रिंटर तसा बघण्यासारखा प्राणी आहे. शाई नाही, रिबीन आहे. कागद चार वेळा आत-बाहेर करतो : पिवळा, मग किरमिजी, मग निळा आणि शेवटी वरून पारदर्शक थर. पहिल्या फेरीत सगळेच पिवळे निघतात. वाघाला ते शोभतं, माणसांना कावीळ झालेली दिसते. वापरलेल्या रिबिनीवर प्रत्येक फोटोची उलटी छाप राहते, हे कळल्यापासून माझी बायको रिबीन कात्रीने बारीक करूनच टाकते. कचऱ्यातून कोणी आपला चेहरा नेऊ नये, हा तिचा मुद्दा. चेहरा नेऊन तो करेल काय, हा माझा. पण तो मी मनातच ठेवतो.

तर अडचण कुठे होती? १९९८ साली जपानी कॅमेरेवाल्यांनी एक नियम ठरवला. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर, त्यात १००पासून पुढच्या आकड्याने सुरू होणारे फोल्डर, आणि त्यात फोटो. फोटोच्या नावात आधी रोमन अक्षरं, आकडे किंवा अंडरस्कोर अशी चार चिन्हं, मग चार आकडे. आठच्या वर एक नाही. आमच्या प्रिंटरसारखी छोटी यंत्रं या नियमावर विसंबून असतात. शिवाय ती साधा, वरून खाली ओळीने भरत जाणारा जेपेग वाचतात. एडिटिंगच्या प्रोग्रॅमने आमचा फोटो दुसऱ्या जातीच्या जेपेगमध्ये साठवला होता, ज्यात आधी सगळं चित्र धूसर येतं आणि मग हळूहळू स्पष्ट होतं. त्या जातीचं वाचन या यंत्राला शिकवलेलंच नव्हतं.

हे सगळं मी मामाजींना समजावून सांगितलं. ते चहा बशीत ओतत शांतपणे म्हणाले, “मंग तसं सांगा ना, जवाईबापू. मार्का गेला.”

डेपोतल्या प्रत्येक सागवानी ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने ठोकलेला मार्का असतो. नाक्यावर मार्का आणि टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना, बघतात, लाकूड किती सुंदर आहे ते बघत नाहीत. “तेच लाकूड चिरून पाटी केली का मार्का भुशात जाते. पाटी कितीबी गुळगुळीत रावो, नाकेदार अडवतेच.” २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं तेव्हा गावभर शोभायात्रा होती. मामाजी टीव्हीला नाक लावून ओंडक्यांची टोकं बघत होते, मार्का नीट उमटलाय का ते.

उपाय सोपा होता. फोटो साध्या जेपेगमध्ये पुन्हा साठवायचा, नाव बदलून ‘आयएमजी_०४१२’ करायचं आणि कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये इतरांच्या रांगेत बसवायचा. मामाजींचा चेहरा उतरला. “म्हणजे डुप्लिकेट टीपी?” आयुष्यभर एका फाट्यालाही खोटा मार्का लागू न देणारा माणूस स्वतःच्याच फोटोसाठी हे करायला तयार होईना. शेजारच्याने वेगळी तोड सुचवली : लॅपटॉपच्या पडद्याचाच कॅमेऱ्याने फोटो काढा, त्यावर कॅमेरा आपणच खरा मार्का मारेल. कायद्याने हे निर्दोष होतं, म्हणून मामाजींना पटलं. छापल्यावर वाघाच्या पोटावर आमच्या ट्यूबलाइटचा उजेड आला.

मग मुलीने आजोबा झोपल्यावर फोटो साध्या जेपेगमध्ये साठवून नाव बदललं. सकाळी चार फेऱ्या होऊन फोटो बाहेर आला आणि मामाजींनी टीपीविषयी काही विचारलं नाही.

मंगळवारी ताडोबा बंद असतो. त्या दिवशी आम्हाला वाघ दाखवणारा गाइड गावात आला होता, त्याला चहाला बोलावलं. फोटो हातात घेऊन तो गप्प झाला. उजेडाकडे धरला, पुन्हा बघितला.

“मामाजी, हा आपला वाघ नाही.”

“कसा नाही? तूच त दाखवला.”

“तो वेगळा. त्याच्या डाव्या खांद्यावर तुटका पट्टा आहे. ह्याच्या उजव्यावर दिसून रायला. कपाळाचं निशाणबी उलटं.” एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला जुळत नाहीत, एकाच वाघाची डावी कूस उजवीला जुळत नाही, कॅमेरा ट्रॅपवाले मोजतात ते त्याच्यावरच. “कोअरमधला नाही, बफरमधलाबी नाही. कुठून आला हा?”

मुलीने हळूच लॅपटॉप झाकला.

“नवीन आला असन,” मामाजी म्हणाले. “मोजला नसन तुमी.”

गाइडने एक प्रत मागितली, साहेबांना दाखवतो म्हणाला. मी काही बोलणार तोवर मामाजींनी नातीला हाक मारली.

“दे व त्याले एक काढून. आणि नंबर लिहून दे मागं. आयएमजी, शून्य चार एक दोन.”