तिसऱ्यांदाही बरोबरी!

अहो वहिनी, धुणं राहू द्या, जरा भिंतीजवळ या. ऐकलंत का? नागपूरच्या दिव्याचं हो, देशमुखांच्या! तिकडं जॉर्जियात, बटुमीला बुद्धिबळाच्या महिला वर्ल्ड कपची फायनल, तिच्यासमोर आपलीच कोनेरू हंपी, काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यावरून आमच्या घरात जे रामायण झालं ना...

शनिवारी पहिला डाव, बरोबरी. रविवारी दुसरा, पुन्हा बरोबरी! आमचे हे करवादले, "दोन दिवस बसून बायांनी केलं काय?" मी गप्प. पण सासरे बाजेवरूनच म्हणाले, "अरे, हंपी 2002 ला ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ही पोर जन्मलीसुद्धा नव्हती. तिनं तिला दोनदा अडवून धरलं!" यांचं तोंड असं झालं... दही संपलंय म्हटल्यावर होतं ना, तस्सं.

बोलायला काय जातं! स्वतः ओट्यावर गुरुजींशी खेळतात. काळा उंट केव्हाचा हरवलाय, त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण. हरायला आले की "चहा झाला का गं?" करत सोंगट्या गोळा, आणि म्हणे बरोबरी! खरी बरोबरी अशी नसते हो. तीच मांडणी पटावर तिसऱ्यांदा आली तर मागता येते, सासऱ्यांनी सांगितलं. आमच्याकडं फ्रिजच्या हप्त्याचं बोलणं तिसऱ्यांदा निघालं की मी उठतेच.

तर काय सांगत होते... हां, सोमवार. श्रावणाचा पहिलाच, घरात सगळ्यांना उपास. टायब्रेकचा पहिला जलद डाव, तिसऱ्यांदा बरोबरी! यांच्या हातातली उसळ गार झाली, पण एक शब्द नाही. मग दुसऱ्यात दिव्याकडं काळी, समोर हंपी, आणि पोरीनं जिंकलं की! 19 वर्षांची. आईच्या गळ्यात पडून अशी रडली... इकडं सासूबाईंचा पदर डोळ्याला, आणि त्यांना घोडा कसा चालतो तेही माहीत नाही! वर्ल्ड कप तर आलाच, वर थेट ग्रँडमास्टर, देशातली 88 वी.

आणि खरी गंमत पुढंच. काल पंचमीला गुरुजी आले. डाव अडला तसे म्हणाले, "काय, बरोबरी?" तर हे म्हणतात, "नाही गुरुजी, टायब्रेक!" गुरुजींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. साडेनऊ वाजले, दिंडं गार, आणि दोघं भांडतायत, झाकण तिरकं गेलं की सरळ!