पितृपक्षात पाण्याखाली

"ऐकलंस का, कोपऱ्यावरचे निघाले कोझुमेलला." वहिनींनी कुंपणावरून आधी कढीपत्त्याची डहाळी दिली आणि मागोमाग ही बातमी. "तेसुद्धा सप्टेंबरात. दहा तारखेला."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. मंडळाच्या मोदकांच्या याद्या चालल्या होत्या, तर म्हणाली, मला धरू नका, आम्ही डायव्हिंगला चाललोय. हॉटेल निम्म्या भावात मिळालंय म्हणे. अगं, निम्म्या भावात का मिळालं, हे विचारायला नको?"

ह्यूस्टनच्या आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणाला पडू नये, याचं मलाही नवल वाटलं. हरिकेनचा मोसम कागदोपत्री १ जून ते ३० नोव्हेंबर, पण खरा धुमाकूळ मध्य ऑगस्ट ते मध्य ऑक्टोबर. त्यातही १० सप्टेंबर म्हणजे अगदी कळस. इतका अचूक वाईट मुहूर्त काढायलासुद्धा पंचांग लागतं.

"आमच्या सासूबाई मालवणच्या," वहिनी म्हणाल्या. "नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही. तारकर्लीचं ते स्कूबासुद्धा पावसाळाभर बंद. आणि हे पैसे मोजून बुडायला निघालेत!"

"वहिनी, आम्हीपण जातोय. सप्टेंबरातच."

वहिनींच्या हातातली कात्री थांबली.

"कोझुमेलला नाही, बोनेरला. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला आहे, बारा अक्षांशावर. वादळं अटलांटिकवरून पश्चिमेला येतात आणि येता येता बहुतेक वेळा उत्तरेकडे वळतात. म्हणून अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही तीन बेटं सहसा वाचतात. कोझुमेल नेमकं त्या वळणावर. २००५ च्या ऑक्टोबरात विल्मा तिथं आणि कान्कूनवर दिवसाहून जास्त ठिय्या मारून बसली होती. त्याआधी समुद्रावर असताना तिचा दाब ८८२ मिलिबारपर्यंत उतरला होता. अटलांटिकमधला तो नीचांक अजून मोडलेला नाही."

"म्हणजे तुमचं बेट सुरक्षित आणि त्यांचं नाही?"

इथे मला थोडं सांभाळून बोलावं लागलं. 'हरिकेनच्या पट्ट्याबाहेर' हे पर्यटनवाल्यांचं फार लाडकं वाक्य आहे. ग्रेनेडाबद्दलही असंच म्हणत असत. तेही बाराच अक्षांशावर. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन आलं आणि तिथल्या जवळजवळ नव्वद टक्के घरांची पडझड झाली. त्याच देशाच्या कॅरिआकू बेटावर १ जुलै २०२४ ला बेरिल आदळलं. आपलं बेरिल. आमचं हे कुंपण त्यानंतरच नव्यानं घातलंय, जुनं वहिनींच्या टोमॅटोंवर आडवं झालं होतं.

"तेच बेरिल?" वहिनींचा आवाज चढला. "माझ्या फ्रीझरमधला सगळा खवलेला नारळ गेला ना त्यात!"

"तेच. कॅरिआकूनंतर लगेच पाचव्या श्रेणीत गेलं. मोसमात इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेलं अटलांटिकमधलं पहिलंच. आणि आठवड्याभरात, ८ जुलैला, आपल्या दारात."

बोनेरलाही मार बसलेला आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी नावाचं वादळ उलटं, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं. बोनेरला वारा बारा महिने पूर्वेचा, त्यामुळे पश्चिम किनारा निवांत आणि डायव्हिंगच्या जागा बहुतेक सगळ्या तिकडेच. लेनीच्या लाटा नेमक्या त्या बाजूनं आल्या आणि उथळ पाण्यातली प्रवाळं मोडून गेल्या. वादळ बेटापासून लांब होतं, तरीही. तेव्हा कमी धोका म्हणायचं, शून्य म्हणायचं नाही.

"बरं, विमा तरी काढलाय का त्यांनी?" मी विचारलं.

"ती म्हणाली, वादळबिदळ दिसलं तर काढू."

मी कपाळावर हात मारला. गल्फमध्ये वादळ शिरलं की घराची नवी पॉलिसीसुद्धा कोणी लिहून देत नाही, हे इथे भाड्यानं राहणाऱ्यालाही ठाऊक असतं. प्रवासाच्या विम्याचं तेच. वादळाला नाव पडलं की ते 'आधीच माहीत असलेलं संकट' होतं. त्यानंतर विकत घेतलेला विमा त्या वादळाचा एक डॉलर देत नाही. कुठल्याही कारणानं रद्द करता येईल असा जो महागडा प्रकार असतो, तो पहिले पैसे भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांतच घ्यावा लागतो, आणि तोही खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत देतो. वर आणखी एक खोच आहे. वादळ दोनशे मैलांवरून गेलं, ऊन पडलंय, हॉटेल उघडं आहे, पण समुद्र खवळला म्हणून कोझुमेलच्या बंदर-कप्तानानं लहान बोटींना बंदी केली, तर त्याला साधा विमा नुकसान मानत नाही. खोलीत बसून डोमिनोज खेळा.

"आणि समजा तिथं असतानाच वादळ आलं? विमानानं निघून यायचं की!"

"तिथंच तर गोची आहे." हा भाग मला वहिनींना नीट सांगायचा होता, कारण त्या तो कोपऱ्यापर्यंत नक्की पोचवतील. "पाण्याखाली श्वास घेताना अंगात नायट्रोजन मुरतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधी विमानात बसलात तर केबिनमधल्या कमी दाबानं त्याचे बुडबुडे होतात, सांध्यांत, नाहीतर मणक्यात. एकदाच बुडी मारली असेल तर बारा तास, रोज चालू असेल तर निदान अठरा तास थांबायचं, असा दंडक आहे. आणि वादळापूर्वीचं शेवटचं विमान तुमच्या नायट्रोजनसाठी थांबत नाही."

"अगं बाई!"

"म्हणून मायामीच्या हरिकेन केंद्राच्या नकाशावर आपलं बेट त्या पांढऱ्या शंकूत आलं की त्याच दिवशी डायव्हिंग बंद. बाकीचे अजून मजेत बुडतायत म्हणून आपण बुडायचं नाही."

"तो शंकू मला कळतो. ते दुसरं, शेवयांसारखं काहीतरी असतं, ते नाही कळत."

"त्या शेवया बघूच नका. वादळाला अजून डोळा नसतो आणि लोक त्यातली एक शेवई धरून मोबाइलवर पाठवत सुटतात."

वहिनींना ते पटलं नाही. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या शेवयांचा मुख्य पुरवठा त्याच करतात.

मग मी मोठ्या बोटीचा विषय काढला. आठवडाभर बोटीवरच मुक्काम असतो, तसल्या. मोसमात मला त्या नको वाटतात. २००१ च्या ऑक्टोबरात बेलीझमध्ये अशी एक बोट आयरिस वादळात खाडीत आसऱ्याला बांधलेली असताना उलटली. वीस माणसं गेली, त्यांतले बरेचसे व्हर्जिनियातल्या एकाच डायव्हिंग क्लबचे. बोनेरला बोट लागतही नाही. रस्त्याकडेला पिवळे दगड असतात, त्यांवर जागेचं नाव. गाडी लावायची, टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत पाण्यात उतरायचं.

"पण मग थांबा ना फेब्रुवारीपर्यंत. घाई कसली?"

"फेब्रुवारीत प्रवाळांची वीण होत नाही, वहिनी. ती बोनेरला सप्टेंबर-ऑक्टोबरात, पौर्णिमेनंतर साधारण आठवड्यानं, रात्री. अख्खा रीफ ठरावीक वेळी अंडी आणि बीज सोडतो, गुलाबी ठिपके सगळीकडून वर जात राहतात. आपल्या गॅल्व्हेस्टनपासून शंभर मैलांवर फ्लॉवर गार्डन बँक्स आहे ना, तिथं हेच ऑगस्टमध्ये होतं."

वहिनी बोटांवर मोजू लागल्या. "अनंत चतुर्दशी, मग पौर्णिमा, त्याच्यापुढे आठवडा... म्हणजे वद्य षष्ठी-सप्तमी. अगं, पितृपक्षात येतंय की!"

"म्हणून तर बरं. गणपती आटोपलेले, कोणाकडे कार्य नाही, कोणी जेवायला बोलवत नाही."

"सासूबाईंना सांगितलंस?"

"बोनेर म्हणजे कॉन्फरन्स आहे, असं सांगितलंय."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की ही गोष्ट संध्याकाळपर्यंत मालवणात पोचणार, हे मला कळलं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"आणि तू तिथं वादळापासून लांब, पाण्याखाली ठिपके मोजत असताना वादळ इथं आलं तर? किल्ली कोणाकडे? फ्रीझर कोण बघणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सप्टेंबरात ह्यूस्टनपेक्षा बोनेरच सुरक्षित, हे मीच एवढा वेळ सांगत होते.

"किल्ली तुमच्याकडे," मी म्हटलं. "जनरेटर गराजमध्ये आहे. पेट्रोल भरून ठेवते. तुमचाही फ्रीझर त्यालाच जोडा."

"मोदक काढून ठेवशील?"

"एकवीस."

"बत्तीस," वहिनी म्हणाल्या. "आणि कोपऱ्यावरच्यांना विम्याचं मी सांगते. तू नको सांगूस, तुझं ऐकून ते बोनेरला यायचे."