चावी आपल्याकडेच आहे

आमच्या धंद्यात सहसा कोणी खोटं बोलत नाही, फक्त अंतरं जरा कमी करून सांगतात. धायरीतलं कुठलंही घर स्वारगेटपासून पंधरा मिनिटांवर असतं. ही पंधरा मिनिटं पहाटे साडेचारची असतात आणि मोजणारा बहुधा दूधवाला असतो, एवढाच तपशील सांगायचा राहून जातो.

सिंहगड रोडवर मी बावीस वर्षं हे काम करतोय. लोक मला तोंडावर इस्टेट एजंट म्हणतात, पाठीमागे दलाल, आणि सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं ‘तो’. पूर्वी जाहिरात म्हणजे पेपरातल्या छोट्या जाहिराती. तिथे शब्दाला पैसे पडत, त्यामुळे माणूस आपोआप जपून बोलायचा. ‘प्रशस्त, हवेशीर, रोडटच’ एवढ्यात काम भागायचं. हवेशीर म्हणजे समोरच्या प्लॉटवर बिल्डर अजून यायचाय, हे वाचणाऱ्यालाही कळायचं.

मग व्हॉट्सअॅप आलं आणि शब्द फुकट झाले. मी ब्रॉडकास्ट लिस्ट केली. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. तीन वर्षं रोज सकाळी गणपतीच्या फोटोखाली रीसेलचे फ्लॅट पाठवत राहिलो. एकदा भाचा म्हणाला, “मामा, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच हे जातं.” पोचलेल्यांची यादी काढली, तर अकरा जण निघाले. त्यातले आठ ब्रोकर, एक आमची बहीण, एक सिलिंडरवाला, आणि एक गृहस्थ, ज्यांना मी २०११ साली फ्लॅट विकला होता आणि जे अजून गळतीबद्दल बोलतात.

“आता रील करायचं,” भाचा म्हणाला.

घर निवडलं ते एका जुन्या सोसायटीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं टू बीएचके. मालक बेंगळुरूला, चावी माझ्याकडे. ‘चावी आपल्याकडेच आहे’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य. ते म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांकडे स्वतःच्या स्कूटरची चावी असते. माझ्याकडे खरोखरच होती, म्हणून हा अभिमान.

भाच्याने आधी घर आवरलं. म्हणजे बादल्या, खराटा, मागच्या भाडेकरूचं कालनिर्णय आणि मी, असे सगळे बाथरूममध्ये गेलो आणि दार लागलं. भिंतीवर देवघराच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला होता, तिथे उभं राहायची जबाबदारी नंतर माझ्यावर आली. मग तो हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून उकिडवा बसला आणि मोबाइलवर ०.५ नावाचं बटण दाबलं.

त्या बटणाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. २०१७ साली रेरा लागू झाला आणि आमचं ‘सुपर बिल्टअप’ गेलं. त्याआधी जिना, लिफ्ट, पॅसेज, वॉचमनची खुर्ची हे सगळं थोडंथोडं प्रत्येकाच्या फ्लॅटमध्ये मिसळायचं. हेच घर तेव्हा कागदावर ८१० स्क्वेअर फूट होतं. आता कार्पेट सांगायचं, म्हणजे ५८०. मधल्या २३० फुटांचं काय झालं म्हणून मी बरीच वर्षं हळहळत होतो. ते ०.५ मध्ये जाऊन राहिले होते. दहा बाय चौदाचा हॉल असा पसरला की पलीकडच्या भिंतीपर्यंत रिक्षा करावी. दाराशी मी उभा होतो, तर माझा कडेचा हात मारुतीच्या शेपटीसारखा लांबत गेला. किचनच्या ओट्यावर पंगत बसली असती.

बाल्कनीत गेल्यावर मात्र बटण उलटं फिरलं. डाव्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालायच्या दांडीखालून वाकलं, की हवा स्वच्छ असताना सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर दिसतो. भाच्याने तो ओढून पार कठड्यापर्यंत आणला. खोल्या लांब नेल्या आणि सिंहगड जवळ आणला. वर लिहिलं, ‘फोर्ट व्ह्यू’.

माझं बोलणं तीनदा रेकॉर्ड झालं. “नमस्कार मंडळी” ला तो म्हणाला, एवढ्यात लोक पुढे जातात. पहिल्या तीन सेकंदांत माणूस पकडायचा. म्हणून मी “थांबा!” म्हणालो. तर ते नो एंट्रीत शिरलेल्याला हवालदार म्हणतो तसं आलं. शेवटी मला काढून गाणं टाकलं. घर मात्र लगेच सुधारलं.

रील एक्केचाळीस हजार जणांनी पाहिलं. खाली प्रश्न आले. ‘प्राइस?’ ही किंमत व्हिडिओत तीन ठिकाणी ठळक लिहिलेली होती. ‘लास्ट किती?’ ‘सोलापुरात असंच आहे का?’ ‘दादा, गाणं कोणतं?’ गाण्याला सगळ्यात जास्त मागणी होती. नऊ जण प्रत्यक्ष आले, आणि नऊही जण दारात उभे राहून “हॉल कुठंय?” म्हणाले. ते हॉलमध्येच उभे होते. एक मुलगी तर फक्त बाल्कनीत स्वतःचं रील करायला आली आणि टॉवर सापडला नाही म्हणून माझ्यावर चिडली. खरा फायदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा झाला. त्यांनी आमची किंमत वाचली आणि स्वतःच्या फ्लॅटचा भाव घरबसल्या आठ लाखांनी वाढवला.

मध्येच एका नव्या प्रोजेक्टचं काम मिळालं. आता यात आमचं बोलणं कायद्याने बांधलेलं आहे. एजंटांनाही महारेराची परीक्षा द्यावी लागते. मी मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये बसून ती पास झालो आणि घरी पेढे आणले, ते बायकोने कोणाला का म्हणून न विचारता खाल्ले. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टच्या जाहिरातीत क्यूआर कोड हवाच, नाहीतर पन्नास हजारांपर्यंत दंड. कल्पना उत्तम आहे. कोड स्कॅन केला की प्रोजेक्टची सगळी कुंडली समोर. पण मोबाइलवरच्या जाहिरातीतला कोड त्याच मोबाइलने स्कॅन कसा करायचा, हे मला सुचेना. मी आरशासमोरही धरून पाहिलं. शेवटी दुसरा मोबाइल घेतला. भाचा म्हणाला, आहेच तर त्यात नवीन सिम टाका, रीलवर तोच नंबर देऊ, म्हणजे ‘गाणं कोणतं’वाल्यांचा जुन्या नंबरला त्रास नको. तेव्हापासून तो फोन मागच्या खिशात असतो आणि मी तो सहसा उचलत नाही.

गेल्या महिन्यात कराडचं एक जोडपं आलं. काका बँकेतून रिटायर झालेले, काकूंची अट एकच, “हॉल मोठा पाहिजे, आमच्याकडे माणसं फार.” म्हणून ते तिसऱ्या मजल्यावरचं मी त्यांच्यापुढे काढलंच नाही. हॉल केवढा आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत? ब्रोकरांच्या ग्रुपवर टाकलं: ‘रिक्वायरमेंट. टू बीएचके, मोठा हॉल. क्लायंट जेन्युइन. टोकन रेडी.’ दहा मिनिटांत एका पोराने व्हिडिओ पाठवला. हॉल बघून मी ऑफिसात एकटाच “वा!” म्हणालो. सोफा, झुंबर, कोपऱ्यात बुद्धाचं डोकं. उजवीकडे किचन. बाल्कनीतून डोंगर. खाली ‘एक्सक्लुझिव्ह’. मनात म्हटलं, याला म्हणतात घर. लोकांना अशी घरं मिळतात आणि आपल्या वाट्याला खराटे. फोन केला. “साइड बाय साइड,” तो म्हणाला. म्हणजे आपापल्या पार्टीकडून आपापली ब्रोकरेज. बिल्डिंगचं नाव सांगेना. आम्ही कोणीच सांगत नाही. “पेट्रोल पंपावर या, पुढे मी नेतो. चावी आपल्याकडेच आहे.”

त्याच्या स्कूटरमागे मी, माझ्यामागे काकांची गाडी. वळण ओळखीचं वाटलं. गल्लीही. गेटवरच्या वॉचमनने मला नमस्कार केला, तेव्हा वाटलं, याच सोसायटीत असंही एक घर होतं आणि आपल्याला पत्ता नाही! लिफ्टमध्ये पोराने तीनचं बटण दाबलं.

दारापुढे आल्यावर मी खिशातून त्याने पाठवलेला व्हिडिओ पुन्हा काढला. किचन उजवीकडे. आमचं डावीकडे. मग लक्षात आलं, ‘फोर्ट व्ह्यू’ ही अक्षरं कोणीतरी पुसली होती, पण पुसट राहिली होती, आणि ती उलटी होती. चोरी पकडली जाऊ नये म्हणून आख्खा व्हिडिओच आरशातल्यासारखा फिरवलेला. सोफा आणि झुंबर कुठल्यातरी अॅपने आणून ठेवलेलं. बुद्धाच्या डोक्यामागे देवघराचा पांढरा चौकोन मात्र शाबूत.

“एवढ्या मोठ्या हॉलला दार लहान वाटतं,” काकू म्हणाल्या.

“आत गेल्यावर कळेल, काकू,” पोरगा म्हणाला आणि मोबाइल काढला. “एक मिनिट हं. चावी जरा एकांकडे ठेवलीय. माणूस थोडा विचित्र आहे, फोन उचलत नाही पटकन.”

त्याने नंबर लावला. चौघेही शांत उभे होतो. आणि माझ्या मागच्या खिशात रीलवालं गाणं वाजायला लागलं.