एक्सेलमधला ओटा

हिंजवडीत राहणाऱ्या माणसाला निर्णय नुसता घेता येत नाही, आधी त्याची शीट करावी लागते. शाळा, गाडी, फ्रीज, एवढंच काय, दिवाळीचा फराळ कुठून मागवायचा याचीही आमच्या सोसायटीत शीट फिरते. त्यामुळे ओटा वाढवून 'एल' आकाराचा करायचं ठरल्यावर नवऱ्याने लॅपटॉप उघडला, यात नवल नव्हतं. आडव्या ओळीत दगड, उभ्या रांगेत निकष, प्रत्येक निकषाला वेटेज. 'हीट रेझिस्टन्स' 10 टक्के, 'एस्थेटिक्स' 25. शीट बनवणाऱ्याने आयुष्यात फोडणी केलेली नाही, हे तेवढ्यावरूनच कळत होतं.

सासूबाईंनी आपली रिक्वायरमेंट एका वाक्यात दिली. "नारळ फुटला पाहिजे, ओटा नाही."

हा निकष कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो. ब्रोशरमधल्या ओट्यावर तीन हिरवी सफरचंदं आणि एक लाकडी वाडगा असतो. तिथे कुकरच्या शिट्टीबरोबर वरणाचं पाणी उडत नाही, आंब्याच्या लोणच्याचा खार सांडत नाही, आणि डबा भरून होईपर्यंत कुणाचं पोर वर चढून पाय हलवत बसत नाही.

पहिल्या फेरीत चुनखडीचं अख्खं कूळ बाद झालं. मकराण्याचा संगमरवर, कडप्प्याचा कडाप्पा, शहाबादची फरशी, राजस्थानातला कोटा, ही सगळी गावोगाव पसरलेली भावकी. 1812 साली फ्रीडरिश मोह्स नावाच्या गृहस्थांनी खनिजांना कठीणपणाचे गुण दिले, त्यात हिरा 10 वर आणि चुनखडीतलं कॅल्साइट 3 वर. स्वयंपाकघरातली सुरी साधारण साडेपाचवर येते, म्हणजे भाजी चिरताना सुरी घसरली की ओट्यावर रेघ. त्यावर लिंबू पिळलं, की आम्ल दगड खातं आणि पॉलिश जातं. सासूबाईंच्या माहेरी, कऱ्हाडला, कडाप्प्याचा ओटा होता. त्याच्या एका कोपऱ्यात पांढुरका डाग होता. लिंबाचं लोणचं दरवर्षी तिथेच घातलं जायचं. "डाग दिसला तर दिसला, लोणचं काय झ्याक व्हायचं!" असं म्हणून त्यांनी कडाप्प्याला आपलं मत देऊन टाकलं. पण त्यांच्या मताला शीटमध्ये वेटेज नव्हतं.

नवऱ्याचा जीव पांढऱ्या क्वार्ट्झवर जडला होता. हा दगड कारखान्यात तयार होतो. सुमारे 90 टक्के क्वार्ट्झचा चुरा, बाकी रेझिन आणि रंग. क्वार्ट्झला मोह्सचे 7 गुण, त्यामुळे सुरीला तो दाद देत नाही. पण रेझिन पडलं नाजूक. दीडशे अंशांच्या वर तापलेलं भांडं थेट टेकवलं तर डाग पडतो, कधी तडाही जातो. भज्यांचं तेल त्याहून तापलेलं असतं. हे ऐकून पोळ्यावाल्या मावशींनी लाटणं थांबवलं. "मग कढई उतरवून ठेवायची कुठं? दादांच्या हातात?"

नवऱ्याच्या आयटी भाषेत याला यूएटी म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याने घेतलेली परीक्षा. प्रॉडक्ट रोज वापरणारा माणूस आला, की बनवणाऱ्याचा चेहरा पडतो.

क्वार्ट्झबद्दल एक गोष्ट मात्र गमतीची नाही. तो कापताना उडणाऱ्या बारीक सिलिकाच्या धुळीने कारागिरांची फुप्फुसं निकामी होतात. म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असल्या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे दगड कापणारा पोरगा तोंडाला गमछा गुंडाळतो आणि कटर चालू करतो. मी शीटमध्ये एक रांग वाढवली आणि तिला सगळ्यांत जास्त वेटेज दिलं. क्वार्ट्झ तिथेच संपला. दगड कुठलाही घेतला तरी कापताना पाणी मारायचंच, अशी अटही घातली.

राहिला ग्रॅनाइट. बायपासच्या कडेला एका गोदामात काळ्या स्लॅब रांगेने उभ्या होत्या. मी पर्समधून नेलपॉलिश रिमूव्हर आणि कापूस काढला. हलक्या दगडाला काळा रंग चढवून विकतात, तो असा पुसून बघता येतो. पहिल्या स्लॅबवर कापूस काळा झाला. "धूळ आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या स्लॅबला धूळ नव्हती. तिच्यात सोनेरी ठिपके होते. ब्लॅक गॅलक्सी. आंध्रातल्या चिमाकुर्तीचा माल.

परत येताना भूमकर चौकात नवऱ्याने मोबाइलवर वाचायला घेतलं. त्या सिग्नलला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण होऊ शकते. त्याचा पडलेला आवाज आला, "हा ग्रॅनाइटच नाहीये." व्यापारी त्याला ग्रॅनाइट म्हणतात, शास्त्राच्या लेखी तो गॅब्रो. आणि गॅब्रो म्हणजे बेसाल्टचा सख्खा भाऊ. घडण तीच. एक लाव्हा होऊन बाहेर पडला, झटपट थिजला आणि बारीक कणांचा राहिला. दुसरा जमिनीच्या पोटातच सावकाश निवला, म्हणून त्याचे कण मोठे झाले.

हिंजवडी बेसाल्टवरच उभी आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला, त्याचा हा काळा पाषाण. आमच्या इमारतीचा पाया खणताना ब्रेकर लावून तो फोडला आणि डंपर भरभरून बाहेर काढला. आता त्याच्याच भावाला चौरस फुटाच्या भावाने आंध्रातून वर आणायचं होतं. लिफ्टमध्ये मावत नसल्यामुळे जिन्याने.

सासूबाईंना हे एकदम पटलं. त्यांचा पाटा-वरवंटा याच काळ्या दगडाचा. "पाट्याचा भाऊ ना? मग नारळाला काय भितोय!" ओटा बसवणाऱ्या मिस्त्रींनी मात्र हात जोडले. स्लॅब 18 मिलिमीटरची, सिंकपाशी खाली पोकळ. तिथे नारळ आपटला तर सिंकपासून चीर जाईल. त्यामुळे नारळ अजूनही पाट्यावरच फुटतो.

नवा ओटा मोठा देखणा आहे. हळद दिसत नाही, कढई टेकवता येते, लिंबू सांडलं तरी ढिम्म. आणि आठवड्याभरात त्यावर पांढरे गोल गोल डाग उमटले. नवऱ्याने शीट उघडून सगळे निकष तपासले. त्यात टँकर नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात येणारं पाणी जड. ते सुकलं की मागे क्षार उरतात, आणि त्यात मुख्य कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे चुनखडी. मकराणा, कडप्पा, शहाबाद, कोटा, सगळ्यांना नकार दिला होता. ती भावकी टँकरमध्ये बसून आली आणि काळ्या ओट्यावर ऐसपैस पसरली.

मावशींनी पिळलेल्या लिंबाची साल उचलून घासली. डाग गेला. "ताई," त्या म्हणाल्या, "आता साली टाकू नका. आणि दादांना सांगा, लिंबं जास्त आणायला."

शीटमध्ये लिंबाची रांग कुठे घालायची, यावर नवरा अजून विचार करतो आहे.