माहिती ग्राहकाची, दंड सरकारचा

मोबाइलचे सिम घ्यायचे तर आधी ओळखपत्र आणि फोटो. हा ऐवज कंपनीकडून फुटला, तर ग्राहकाच्या हाती काय? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३अ वगळण्याची तरतूदही त्यातच. खोटी तक्रार करणाऱ्या ग्राहकाला मात्र १०,००० रुपयांपर्यंत दंड. कायदा कुणालाच विसरलेला नाही! कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यांत तरी काय मिळते? माहिती फुटल्याच्या दाव्यात २०२२मध्ये टी-मोबाइल या दूरसंचार कंपनीने ३५ कोटी डॉलर कबूल केले, बाधित साडेसात कोटींहून अधिक. म्हणजे माणशी पाच डॉलरही नाहीत, त्यातून वकिलांची फी वेगळी. खरे आहे. पण तिथे ग्राहक निदान वाटेकरी तरी ठरतो. आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ३५ अनेकांना मिळून तक्रार करू देते. ते वापरून पाहा.