मालक घरात आहेत का?

उज्जैनमध्ये मुक्कामाचा सगळ्यात जुना नियम कुठल्याही राजपत्रात छापलेला नाही. या शहराचा राजा महाकाल, तेव्हा दुसऱ्या कुठल्या राजाने इथे रात्र काढायची नाही. काढली तर गादी जाते. म्हणून, सांगतात की, भले भले सत्ताधीश दर्शन घ्यायचे आणि झोपायला वेशीबाहेर जायचे. डिसेंबर 2023 मध्ये नवे मुख्यमंत्री मोहन यादव मात्र इथे मुक्कामाला राहिले. ते मूळचे उज्जैनचेच, त्यामुळे युक्तिवाद तयार होता: आम्ही महाकालाचं लेकरू, लेकरू घरी झोपलं तर तो मुक्काम कसला? होमस्टेच्या भाषेत सांगायचं तर साहेबांनी पाहुण्यांच्या रजिस्टरात सही करायचं टाळून मालकाच्या कुटुंबीयांत नाव घातलं. वर्ष उलटलं तरी गादी जागेवर होती.

ही युक्ती गावातल्या घरमालकांनी बारकाईने पाहिली असावी.

कारण होमस्टेची सगळी गोम मालकातच आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची योजना म्हणते, 1 ते 6 खोल्या द्या, खाटा 12च्या वर नकोत, आणि मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवं. ही अट अक्षरशः पाळणारा मालक उज्जैनमध्ये एकच. तो श्रावणातल्या सोमवारी पालखीतून बाहेर पडतो, दारात पोलीस मानवंदना देतात, शिप्रेपर्यंत जाऊन रात्रीच्या आत घरी परत. बाकीच्या मालकांचं म्हणाल तर मुलगा पुण्यात, सून बंगळुरात आणि स्वतः मालक इंदूरला लेकीकडे. घरात राहतं कोण? पाहुणे.

आमच्या एका मामांचं कार्तिक चौकाच्या बाजूला जुनं घर आहे. वर्षानुवर्षं ते ‘विकून टाकू’ या एकाच विषयावर उभं होतं. 11 ऑक्टोबर 2022ला पंतप्रधानांनी ‘महाकाल लोक’ या मंदिर परिसराचं उद्घाटन केलं आणि मामांना वाडवडिलांची आठवण दाटून आली. माजघराची ‘डीलक्स फॅमिली रूम’ झाली, बाळंतिणीच्या खोलीला ए.सी. बसला, आणि जिथे आजोबा संध्या करायचे तिथे वाय-फायचा डबा आला. प्रश्न उरला तो घरात राहणाऱ्या मालकाचा. मामी म्हणाल्या, आम्ही फ्रीगंजचा फ्लॅट सोडून येणार नाही. तेव्हा सर्वानुमते आजींना निवासी मालक नेमण्यात आलं.

आजी ही होमस्टे व्यवसायातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, हे अजून कुठल्या शासकीय यादीत आलेलं नाही. तपासणीला कोणी आलं की दोरीवर वाळत घातलेली नऊवारी, देव्हाऱ्यात पेटती समई आणि पेल्यातली कवळी, हा वास्तव्याचा तिहेरी पुरावा. गल्लीतल्या दोन घरांना अशी आजी नव्हती. तिथे आमच्याच आजी चहाला जाऊन बसतात. वाती वळतात, अधूनमधून खोकतात, आणि तपासणी संपली की परत येतात.

हॉटेल न म्हणता होमस्टे म्हणण्याचं कारण अर्थात धार्मिक आहे. हॉटेल म्हटलं की अग्निशमन, पार्किंग, व्यावसायिक दराचं वीजबिल असं सगळं अंगावर येतं. घर म्हटलं की अतिथी देव होतो. देवाकडून भाडं मात्र सोमवारी वेगळं, महाशिवरात्रीला वेगळं.

पाहुणा ठेवायच्या कायद्यांचं मला कौतुक वाटतं. 1867 साली इंग्रजांनी सराई कायदा केला. त्यात मालकाला हुकूम होता: दरपत्रक लावा, पहारेकरी ठेवा, कोणाला साथीचा आजार झाला तर पोलीस ठाण्यात कळवा, आणि चोराला चढता-उतरता येईल अशा झाडांच्या फांद्या तोडा. चुकल्यास दंड 20 रुपयांपर्यंत. आज परदेशी पाहुणा आला की 24 तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, देशी पाहुण्याचं आधारसारखं ओळखपत्र पोलिसांसाठी जपून ठेवायचं. फांद्यांविषयी कोणी विचारत नाही. गल्लीत झाडच राहिलेलं नाही.

खरं तर नोंदवह्यांच्या बाबतीत उज्जैनला शिकवायची कोणाची प्राज्ञा नाही. रामघाटावरच्या पंड्यांच्या वहीत यजमानाचं गाव, गोत्र, आजा-पणजा, कोण कोणत्या साली आलं, सगळं असतं. यजमानाला उतरवून घ्यायची सोयही पंडेच बघायचे. पणजोबांनी दक्षिणा किती दिली हेसुद्धा तिथे निघण्याची शक्यता असल्याने मराठी माणूस ती वही फारशी उघडायला सांगत नाही. पोलिसांनी आधारच्या झेरॉक्स मागण्यापेक्षा पंड्यांनाच विचारावं. फरार आरोपी सापडेल, शिवाय त्याचं मूळ गावही कळेल.

आणि सगळे नियम रात्री मोजतात, हीच मोठी अडचण. इथे रात्र हा हिशेबच नाही. महाकालाची भस्मारती पहाटे चारला. माणूस रात्री दहाला येतो, एक वाजता आंघोळ करतो, सोवळं-धोतर नेसून रांगेला लागतो. गाद्या कोऱ्या, गरम पाणी संपलेलं. काहींना तर फक्त न्हाणीघरच हवं असतं, तासाच्या हिशेबाने. मामांनी एका बाबूंना विचारलं, याला मुक्काम म्हणायचं की आंघोळ? त्यांनी फाइल उघडली, बंद केली आणि आंघोळीचं खातं वेगळं असल्याचं सांगितलं.

आता 2028चा सिंहस्थ तोंडावर आलाय. मामांनी अर्ज रीतसर भरला, आजींचं नाव मालक म्हणून घातलं आणि तपासणीचा दिवस ठरला. साहेब आले, जोडे काढले, समईकडे पाहून हात जोडले आणि अदबीने म्हणाले, “माताजी, आप यहीं रहती हैं ना?”

आजींनी चष्म्यावरून त्यांना नीट पाहिलं.

“आधार दिखाओ बेटा,” आजी म्हणाल्या, “और चेक-इन बारह बजे के बाद है.”