पंख वाळत घातलेली मंडळी

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला लोक येतात ते फ्लेमिंगो पाहायला. होडीवाल्याने मध्येच एखाद्या वठलेल्या झाडाकडे बोट दाखवून 'ते बघा पाणकावळे' म्हटलं, तर गळ्यातले कॅमेरे गळ्यातच राहतात. रंग काळा, त्यात नावात कावळा. शिवाय पंख फैलावून निवांत बसलेली ही मंडळी पाहिली की यांना काही कामधंदा नसावा, अशी खात्रीच पटते.

कामधंदा पाण्याखाली उरकून झालेला असतो.

मासे खाऊन जगणाऱ्या या पक्ष्याची पिसं चक्क भिजतात. बदक दिवसभर पाण्यात राहून कोरडं, आणि पाणकावळा बुडी मारून ओलाचिंब! निसर्गाकडून मोठीच हयगय झाली, असं कुणीही म्हणेल. पण बदकाच्या पिसांत भरपूर हवा कोंडलेली असते, म्हणून ते तरंगतं; मासा मात्र तळाकडे पळतो. पाणकावळ्याची पिसं कडेला भिजतात, आतून कोरडी राहतात. हवा कमी, म्हणून बुडायला कष्टही कमी. पंख अंगाशी घट्ट मिटायचे आणि दोन्ही पाय एकदम मागे रेटायचे. पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असल्याने पाणी चांगलं कापलं जातं. चोचीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. त्यात सापडलेला मासा सहसा सुटत नाही. नाकपुड्या बाहेरून बंद, त्यामुळे श्वास तोंडानेच. जेवण आणि श्वास एकाच दारातून चालवायचं म्हणजे घाई आलीच.

उजनीची चिलापी पाठीवर काट्यांची रांग घेऊन फिरते. पाणकावळा तिला आडवी धरून वर येतो, हवेत उडवून झेलतो, पुन्हा उडवतो. तिचं डोकं घशाकडे येईपर्यंत हा खेळ चालतो. डोकं आधी गेलं की काटे आपोआप मागे मिटतात. मग मानेतून एक फुगवटा सावकाश खाली सरकताना दिसतो. ताटातल्या चिलापीचे काटे वेचत बसणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

तिथलाच तिरंदाज हा पक्षी त्याहून तऱ्हेवाईक. त्याची पिसं पुरती भिजतात, त्यामुळे पोहताना अंग पाण्याखाली आणि वर फक्त मान. साप म्हणून दचकणारे काही कमी नाहीत. मानेच्या आठव्या मणक्यापाशी खास सांधा आहे. तिथून मान आखडून एकदम सोडली की चोच भाल्यासारखी माशात घुसते. पंचाईत त्यानंतर होते. आरपार बसलेला मासा गिळायचा कसा? झटका देऊन तो उडवायचा आणि झेलायचा. फारच घट्ट रुतला असेल, तर काठावर जाऊन चोच आपटत बसायचं.

पाणकावळ्याचं कसब माणसानेही वापरून घेतलं आहे. जपानात गिफूच्या नागारा नदीवर ११ मे ते १५ ऑक्टोबर या काळात रात्री होड्यांपुढे जाळ पेटवून पाणकावळ्यांकडून मासे पकडवले जातात. या उकाईला सुमारे १,३०० वर्षांची परंपरा आहे, आणि तिथले उस्ताद राजघराण्याच्या कार्यालयाचे रीतसर नोकर आहेत. पक्ष्याच्या गळ्याला दोरी बांधलेली असते. लहान मासा पोटात जातो, मोठा घशात अडकतो आणि मालक तो काढून घेतो. हा सरळसरळ टीडीएस. फक्त परताव्याचा अर्ज करायची सोय नाही. खुद्द चार्ली चॅप्लिन हे पाहायला गिफूला गेला होता. कपात होताना प्रेक्षक टाळ्या वाजवतात, अशी जागा बहुधा तेवढी एकच.